सीटवरचं प्लास्टिक

या मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनी झोपायचं नाही, मला इथून सगळं दिसतं!

नामाचा महिमा झाला, आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न. उत्तर मनातल्या मनात द्या. शेजारच्याला सांगू नका, तो लगेच वाद घालील! प्रश्न असा — आपलं म्हणजे काय? जे जपून ठेवलं ते आपलं? की जे वापरून संपवलं ते आपलं?

सोपा वाटतो ना? मग ऐका.

आज राजाची गोष्ट नाही, ऋषीची नाही. आज गोष्ट गाडीची! हो, चारचाकी गाडीची. काय पेटीवाले, दचकलात? सूर धरून ठेवा, गाडी घाटातून जाणार आहे!

ही गाडी माझ्या वडिलांची. अण्णा खातू, मंडपवाले. देवरुखात अण्णांच्या मंडपाखाली ज्याचं लग्न लागलं नाही असा एक गृहस्थ इथे असेल तर हात वर करा. बघा! एक हात वर आहे — आणि तो आमच्या पुजारीकाकांचा, त्यांनी लग्नच केलं नाही!

अण्णांचं सगळं तरुणपण टेम्पोत गेलं. टेम्पोत म्हणजे आत नव्हे. मागे, बांबूंच्या ढिगावर, पाय खाली सोडून. अंगाला सुतळीचा वास, केसांत धूळ. लग्न झालं तेव्हा नवरीला घरी आणलं तेही त्याच टेम्पोतून! आई गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसली होती, नव्या शालूत, एका हाताने कनातीचा दोर धरून. साखरप्याच्या उतारावर एक बांबू घसरला आणि तिच्या मुंडावळ्या घेऊन गेला. तेव्हा अण्णा म्हणाले, "वत्सल, एक दिवस तुला अशा गाडीत बसवीन, की रस्ता तुला खाली वाकून बघावा लागेल."

आई म्हणाली, "आधी मुंडावळ्या शोधा."

वत्सल म्हणजे माझी आई. ही काय, पहिल्या रांगेत बसली आहे. आई, खरं ना? बघा, मान हलवते आहे. हसायचं नाही असं ठरवून आली होती.

तर मंडळी, तो दिवस यायला अण्णांचे केस पांढरे व्हावे लागले. आणि गाडी आली! केवढी! पांढरीशुभ्र, खिडक्या काळ्या, पुढे हा असा जबडा. आमच्या गल्लीत वळेना. नुसता दरवाजा लावला तरी 'धप्प' असा आवाज यायचा, बँकेच्या तिजोरीसारखा. बाजारात तिला लोक 'अण्णांचं विमान' म्हणायला लागले. "काय अण्णा, विमान कुठे उतरवणार आज?" "तुझ्या दारात! जागा कर!"

मी तेव्हाही पुण्यात ग्रंथालयात नोकरीला होते. दिवसभर कागदात राहणारं माणूस. मी वाचलेलं सांगितलं, "अण्णा, या आलिशान गाड्यांची किंमत फार वेगाने उतरते. शोरूमच्या उंबऱ्यावर चाक आलं की उतरायला लागते. जितकी महाग, तितकी जास्त."

अण्णा हसले. "बाय, ती न जपणाऱ्यांची. मी जपणारा माणूस आहे."

आणि जपली! कशी जपली? सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही! कारखान्यातून आलेलं पातळ, दुधी, चकचकीत प्लास्टिक. शोरूमचा पोरगेला सेल्समन काढायला गेला, तर अण्णांनी त्याचा हात धरला. "राहू दे रे. आत चामडं आहे. उद्या विकताना नवंकोरं निघालं पाहिजे."

तुम्ही हसताय! कोणाकोणाच्या घरी टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे? आता कसे गप्प बसलात?

आणि अण्णा हे का करत होते, ते ऐका. आईला पेन्शन नाही. मंडपाचा धंदा आज आहे, उद्या नाही. अण्णांनी आईला शब्द दिला होता — "वत्सल, ही गाडी म्हणजे तुझी ठेव. मी नसेन तेव्हा ही विकायची. तुला या गावातून हलायला नको, कोणापुढे हात पसरायला नको. पोरीपुढेसुद्धा नको." आईने तो शब्द पदराच्या गाठीला बांधला.

दर सोमवारी दोघं मार्लेश्वरला दर्शनाला जायची. आई पुढे, अण्णा चालवणार, आणि मागे? स्टॅंडवर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या बायका! अण्णा काच खाली करायचे, "चला ग, विमान सुटतंय!" त्या चढायच्या. पण मागे सगळीकडे प्लास्टिक! वळण आलं डावीकडे की सगळ्या बायका उजवीकडे. वळण आलं उजवीकडे की सगळ्या डावीकडे. नारळ, फुलांच्या परड्या, बायका, सगळं एकत्र, सुर्रकन! "अण्णा, हळू हो!" "मी हळूच आहे, तुम्हीच जोरात आहात!" त्यातल्या किती तरी आज इथे आहेत. त्या तोंडाला पदर लावून हसणाऱ्या, त्याच!

पण पहिल्याच सोमवारी एक गोष्ट घडली होती. वैशाखातलं ऊन, आणि डिझेल वाचवायला एसी बंद. आई पुढच्या सीटवर. प्लास्टिक तापलेलं, लुगडं घामाने चिकटलेलं, हललं की चर्र चर्र आवाज. आई तक्रार करणारी नव्हेच. फक्त थोडी पुढे सरकून बसली. पाठ न टेकता.

अण्णांनी एकदा बघितलं. दोनदा बघितलं. गाडी बाजूला घेतली, फणसाच्या सावलीत. मंडपाचे दोर कापायची सुरी त्यांच्या खिशात कायम असायची. ती काढली. म्हणाले, "वत्सल, जरा उतर."

"काय झालं?"

"उतर तर."

आणि तिच्या सीटचं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत टरकावलं! बोळा करून मागे टाकला. "बस आता. टेकून बस. एका सीटचं नुकसान झालं तर होऊ दे. बाकीच्या सीटांवर भाव काढू."

असे सोमवार गेले, वर्षं गेली. अण्णा दर दिवाळीला फडक्याने प्लास्टिक पुसायचे. प्लास्टिक, हं! खालचं चामडं नव्हे. ते तर आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. त्याबद्दल मी एवढंच बोलते.

दिवस झाले. मी आईला म्हटलं, "पुण्याला चल." ती म्हणाली, "नाही. माझी ठेव आहे." तिचा सगळा भरवसा त्या शेडमधल्या विमानावर. गाडीला भाव आला तर ती तिच्या घरात, तिच्या तुळशीपाशी राहणार. नाही आला तर माझ्याकडे यावं लागणार, मनाविरुद्ध. आणि मंडळी, त्याहून मोठी गोष्ट होती. अण्णांचा शब्द! माणूस गेला तर गेला. मागून त्याचा शब्दही खोटा निघाला, तर बाईने धरायचं काय?

रत्नागिरीहून मुनाफभाई आले, जुन्या गाड्यांचे व्यापारी. अण्णांचे जुने स्नेही. गाडीभोवती फिरले, वाकून खालून बघितलं, मशीन चालू करून कान लावला. मग म्हणाले, "वहिनी, इंजिन फर्स्टक्लास. पण गाडी उतरली."

आई म्हणाली, "उतरली म्हणजे? उभी तर आहे."

"किंमत उतरली हो. बघा, ज्याला अशी गाडी झेपते, तो जुनी घेत नाही. आणि जो जुनी बघायला येतो, त्याला हिचा खर्च झेपत नाही! एक दिवा फुटला तर त्या पैशात साधी मोटरसायकल येते. सुटा भाग आठ-आठ दिवस येत नाही. त्यात कंपनीने नवं मॉडेल आणलं, केवढा तो टीव्हीसारखा पडदा आत! त्याच्यापुढे ही म्हातारी. पहिल्या काही वर्षांतच अर्ध्याहून खाली येतात या गाड्या, सगळ्याच. यात अण्णाशेठची चूक नाही."

आई म्हणाली, "पण आमच्या सीटा नव्या आहेत. प्लास्टिक काढलेलं नाही. काढा तुम्ही, बघा."

केवढ्या विश्वासाने म्हणाली ती!

मुनाफभाईंनी मागच्या सीटच्या प्लास्टिकला हात घातला आणि ओढलं.

मंडळी, आधी वास आला. कुबट, बंद पेटीसारखा. मग दिसलं. हिरवट-काळी बुरशी! प्लास्टिकबरोबर चामड्याचा पापुद्रा सोलून वर आला. कोकणातला पावसाळा तो! प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडून राहिली, वर्षानुवर्षं. दुसरी सीट ओढली — तेच. तिसरी — तेच. ज्यांच्यावर कधी माणूस नीट टेकला नाही, त्या सगळ्या सडलेल्या!

मुनाफभाई पुढे आले. डाव्या सीटवर तळवा ठेवला. आईच्या सीटवर. तिथे बसून बसून खळगा पडला होता. पाठीपाशी रंग उडाला होता, तेलाचा डाग होता, जिथे तिचा अंबाडा टेकायचा. आणि चामडं? मऊ! लोण्यासारखं मऊ, एक चीर नाही.

"ही सीट कशी काय चांगली राहिली?" त्यांनी विचारलं.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. ठेव बुडाली, शब्द बुडाला.

आई हळूच चढली आणि तिच्या सीटवर बसली. टेकून बसली. समोरच्या काचेतून बघत राहिली. तिथे शेडची भिंत होती, पण ती काही भिंत बघत नव्हती. मग म्हणाली, "बाय, ठेव बुडाली नाही गो. ठेव मी केव्हाच मोडली. दर सोमवारी थोडी थोडी. त्यांच्यादेखत."

आणि मुनाफभाईंना म्हणाली, "द्याल ते द्या. घासाघीस नको."

ते तोंड फिरवून म्हणाले, "वहिनी, सावकाश उतरा."

ती उतरली.

जरा थांबते. पेटीवाले, सूर तसाच राहू द्या.

आता विचाराल, मग पुढे काय? आई पुण्याला गेली का? कशाला जाईल! गाडीचे आले ते थोडेच आले. पण त्या संध्याकाळी आईने मंडपाच्या गोदामाचं कुलूप काढलं. आत कोपऱ्यात एक गठ्ठा होता. केशरी रंगाचं नवं छत, झालरीसकट, अण्णांनी फार हौसेने शिवून घेतलेलं. म्हणायचे, "हे एखाद्या मोठ्या कार्याला काढू." किती कार्यं झाली! माझं लग्न झालं, देवळाचा कलश चढला, काढलं नाही. कशात गुंडाळून ठेवलं होतं? सांगा तुम्हीच!

आईने अण्णांची सुरी घेतली आणि प्लास्टिक टरकावलं. छत थोडं खराब झालं होतं, सगळं नाही. उन्हात घातलं, ठिगळ लावलं. अण्णांच्या माणसांना बोलावलं, म्हणाली, "धंदा बंद नाही. बांबू काढा." आज ती स्वतः मंडप घालते. स्वतःच्या घरात राहते, कोणापुढे हात नाही. अण्णांचा शब्द तसाच्या तसा खरा ठरला, फक्त गाडीतून आला नाही.

मंडळी, मान वर करा जरा. हे जे छत तुमच्या डोक्यावर आहे ना — तेच ते! तिथे, समईच्या वर, डाग दिसतोय? तो पावसाळ्याचा.

मग आता माझ्या प्रश्नाचं उत्तर? मी देणार नाही. ते तुम्ही घरी जाऊन द्यायचं. कपाटात ती पैठणी आहे, 'कुठे चांगल्या ठिकाणी नेसू' म्हणून ठेवलेली. फडताळात ते कप आहेत, पाहुण्यांचे. आणि घरात एक माणूस आहे. त्याच्याशी बोलायचं काहीतरी तुम्ही कित्येक वर्षं नीट घडी घालून ठेवलं आहे, चांगल्या दिवसासाठी. बाहेरून चकचकीत दिसतं. आत काय होतंय, बघितलंय का कधी?

आरती झाली की जा घरी. ती व्यक्ती पाठ न टेकता बसली असेल. सुरी घ्या. प्लास्टिक काढा. तिला म्हणा, टेकून बस.

आई, ऊठ. आज आरतीचं ताट तू धर.