चौदा वेळा तोच पासवर्ड

आश्लेषा: वायफायचा पासवर्ड चुकला असं लिहून येतंय का, दादाकाका?

दादा: तसं स्पष्ट नाही. पण अर्थ तोच. परवापासून चौदा वेळा घातला. वहीत वेळेसकट नोंद आहे.

आश्लेषा: चौदा वेळा तोच?

दादा: तोच. मीच ठरवलेला आहे ना! आईचं नाव आणि विहीर बांधली ते साल. मी चुकेन कसा? तुझ्या बापाने बदललाय.

आश्लेषा: बाबा असं करणार नाहीत.

दादा: करेल. एका वाडीत दोन घरं, मधे मोजून तीस पावलं, आणि तीन आठवडे मोरूने माझ्याशी शब्द काढलेला नाही.

आश्लेषा: तुम्ही तरी कुठे काढलात?

दादा: मी काढला होता, त्यावरूनच तर झालं. होमस्टेच्या पाहुण्यांच्या हौदासाठी पाच हॉर्सपॉवरचा पंप लावलास तर विहिरीत समुद्र शिरेल, एवढंच म्हटलं. रोज सकाळी मीटर घालून खारटपणा मोजतो मी. उपसा वाढला की आकडा वाढतो. हे माझं मत नाही, मोजमाप आहे.

आश्लेषा: मोजमाप बरोबरच आहे. पण तुम्ही ते नाश्त्याच्या वेळी, पाहुण्यांच्या टेबलापाशी उभं राहून वाचून दाखवलंत. त्यांनी बॅगा भरल्या आणि काशीदला दुसरीकडे जाऊन राहिले.

दादा: ते विचारत होते, पाणी कसं आहे.

आश्लेषा: बरं, राहू दे. माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत, मग मीटिंग.

दादा: मग फक्त एवढंच सांग, नवं कनेक्शन घेताना काय बघायचं? मुरूडचा माणूस चार वाजता येतोय. माझं वेगळं घेतो. कोणाची मेहेरबानी नको.

आश्लेषा: आज चार वाजता?

दादा: आज. रोजचा आकडा कृषी केंद्राला आणि आपल्या बागायतदारांना मेलने जातो. दोन दिवस खंड पडलाय. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आश्लेषा: दादाकाका, विहीर आणि वायफाय, दोनच गोष्टी एकत्र राहिल्यात आता. विहिरीवरून तर भांडणच झालंय. त्या माणसाला बोलवायच्या आधी मला बघू दे. पडद्यावर काय येतं ते जसंच्या तसं वाचा.

दादा: कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क.

आश्लेषा: एवढंच? पासवर्ड चुकीचा आहे, असं काही नाही?

दादा: नाही.

आश्लेषा: मग पासवर्डचा दोष नाही. चुकीचा असला तर लॅपटॉप तसं सांगतो.

दादा: मग चौदा वेळा मी काय तपासलं?

आश्लेषा: जे बिघडलंच नव्हतं, ते.

दादा: हं. वर्गात मुलांना याच कारणासाठी शून्य द्यायचो मी.

आश्लेषा: आता लॅपटॉपला हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडा, मागे शिकवली होती ती. मी एकेक अक्षर सांगते, तसं टाइप करा.

दादा: सांग… हं… झालं. यादी आली, लांबलचक.

आश्लेषा: त्यात ‘ऑथेंटिकेशन’ शोधा. त्याच्यापुढे काय काय आहे?

दादा: ओपन. डब्ल्यूपीए. डब्ल्यूपीए-टू.

आश्लेषा: थ्री आहे कुठे?

दादा: थ्री… नाही. टूवरच थांबलंय.

आश्लेषा: सापडलं. राउटर आणि लॅपटॉप हवेतून बोलतात, म्हणून ते बोलणं कुलूपबंद करतात. कुलूप कुठल्या पद्धतीचं, हे आधी ठरतं. पासवर्डची पाळी नंतर. नवा राउटर फक्त तिसरी पद्धत मानतो. तुमच्या जुन्या लॅपटॉपला दुसरीपर्यंतच येते. पद्धतच जुळत नाही, मग पासवर्डपर्यंत गोष्ट जातच नाही.

दादा: नवा राउटर? कुठला नवा राउटर?

आश्लेषा: वीज पडली त्या रात्री जुना जळला. परवा सकाळी कंपनीच्या माणसाने नवा बसवला. तुम्हाला माहीत नाही?

दादा: मला कोण सांगणार? आणि नवा असता तर नाव नवं दिसलं असतं. इथे तेच आहे, ‘वाडी’.

आश्लेषा: बाबांनी तेच ठेवायला लावलं. नाव आणि पासवर्ड, दोन्ही. तो माणूस म्हणत होता, नवीन घाला. बाबा म्हणाले, दादाच्या मशीनमधे जुना आहे, त्याला परत खटपट नको. मी व्हिडिओ कॉलवर ऐकत होते.

दादा: असं म्हणाला?

आश्लेषा: याच शब्दांत.

दादा: दुरुस्ती सांग.

आश्लेषा: राउटरच्या सेटिंगमधे दुसरी आणि तिसरी, दोन्ही पद्धती चालू करायच्या.

दादा: म्हणजे माझ्यापायी सगळ्यांचं कुलूप ढिलं करायचं?

आश्लेषा: नव्या फोनना तिसरीच मिळेल. दुसरीही अजून चांगली चालते, पासवर्ड लांब असला की झालं. आणि आजीचं नाव भरपूर लांब आहे.

दादा: मग सांग तुझ्या बापाला, कर म्हणावं.

आश्लेषा: मंगळवारी मोतीबिंदू काढलाय त्यांचा. बारीक अक्षर वाचायचं नाही. आई सकाळच्या लाँचने रेवसहून मुंबईला गेली. तुम्हीच लॅपटॉप घेऊन जा आणि राउटरला वायर जोडा. वायरीला ही पद्धतबिद्धत लागत नाही.

दादा: मोतीबिंदू? काळा चष्मा लावून फिरताना बघितला. मला वाटलं, ऐट.

आश्लेषा: काका, तीस पावलं. फोन चालू ठेवा.

(मोरूचं घर. दादाच्या काखेत लॅपटॉप, हातात वही. फोन स्पीकरवर.)

मोरू: कोण आहे?

दादा: मी. वायर लावायचीय.

मोरू: ये. राउटर कपाटावर आहे. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, सांभाळ.

दादा: डोळ्याचं बोलला नाहीस.

मोरू: तू विचारलं नाहीस.

आश्लेषा: बाबा, स्टूल धरा त्यांचं. काका, राउटरच्या पोटावर स्टिकर आहे. त्यावरचा पत्ता ब्राउझरमधे घाला, खाली पासवर्ड आहे तो द्या.

मोरू: ही पण आहे होय! दादा, तुला एकट्याला यायला भीती वाटली काय रे?

दादा: पंचनाम्याला साक्षीदार लागतो. आशू, आत गेलो. वायरलेस… सिक्युरिटी. खाली तीन ओळी आहेत.

आश्लेषा: टू आणि थ्री दोन्ही लिहिलेली कुठली?

दादा: मधली.

आश्लेषा: ती निवडा आणि सेव्ह करा. दिवे जातील, दोनेक मिनिटं थांबा. मग वायर काढा, लॅपटॉपमधलं जुनं ‘वाडी’ पुसा आणि नव्याने जोडा.

दादा: गेले दिवे.

मोरू: दादा, एक विचारू?

दादा: विचार.

मोरू: तुझा तो रोजचा आकडा मलाही यायचा, सकाळी आठला. भांडण झाल्यावरही यायचा. डोळ्याला पट्टी होती तेव्हा आशूच्या आईने वाचून दाखवला. दोन दिवस आला नाही. मला यादीतून काढलंस ना?

दादा: यादीतून? मला वाटलं, तू मला वायफायमधून काढलंस.

मोरू: मी? नाव तेच, पासवर्ड तोच ठेवला मी!

दादा: समजलं मला ते. आत्ताच.

आश्लेषा: दिवे आले का? माझी मीटिंग सुरू झाली, बरं का.

दादा: आले. पुसलं जुनं. आता घालतो. पंधरावी वेळ… लागलं. आशू, लागलं!

आश्लेषा: छान. मुरूडच्या माणसाला फोन करा, काका. ठेवते.

मोरू: मुरूडचा कोण?

दादा: कोणी नाही. येऊ नको म्हणून सांगायचंय त्याला.

मोरू: आजचा आकडा किती आला?

दादा: बाराशे चाळीस. गेल्या रविवारी तेराशे दहा होता. उतरतोय, आणि कारण सापडत नाही. मधे नुसती वीज पडली, पाऊसही नाही.

मोरू: रविवारपासून पंप अर्धाच तास लावतो मी.

दादा: किती वाजता लावतोस? वहीत लिहायला हवं.