तळाला कोरलेलं नाव

तुम्ही ग्रँड कॅन्यनचा विषय काढलात म्हणून सांगतो. दोन हजार पाचला आई माझ्याकडे फीनिक्सला आली, तर तिला कॅन्यन नको, मडकी बघायची होती. कुंभाराची मुलगी ना. म्हणून ड्राइव्ह करून होपी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या गावी गेलो. तिथं त्यांच्यातल्याच होपी-टेवा समाजाच्या एक आजी मातीच्या वळ्या एकावर एक रचून मडकं घडवत होत्या.

आई म्हणाली, "विचार त्यांना, चाक कुठंय?"

"चाक नाही. आईनं असंच शिकवलं, तिला तिच्या आईनं," आजी म्हणाल्या.

"आमच्यात बायकांनी चाकाला हात लावायचा नसतो. मी जन्मभर नुसती माती मळली," आई म्हणाली.

मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. आजींनी आईच्या हातात मातीचा गोळा ठेवला. तासाभरात आईनं वाटीएवढं मडकं केलं.

"आता तळाला नाव कोरायचं," आजी म्हणाल्या.

आईनं मला विचारलं, "कुणाचं घालू? तुझ्या बाबांचं?"

मी तेच आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "घडवलं कोणी?"

आईनं काडीनं सावकाश 'चंद्रा' कोरलं. घरात तिला सगळे सुमन म्हणतात. चंद्रा हे तिचं माहेरचं नाव, लग्नात बदललेलं. मला ते त्या दिवशी कळलं. तेहतीस वर्षांचा होतो मी.