सेल्फ घेते, चालू होत नाही

(सोलापूर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागची वसाहत. अंगणात जुनी पांढरी कार, बॉनेट उघडं. पुण्याहून आलेला शिवराज स्टेअरिंगवर. त्याची थोरली बहीण अंकिता पायरीवर उभी.)

शिवराज : परत सेल्फ मारतो. ऐक आता.

अंकिता : मघापासनं ऐकतीयच की. सगळी गल्ली ऐकतीय.

शिवराज : इंजिन फिरतंय, म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. पण पकडत नाही. काय केलंस तू गाडीचं, अक्का?

अंकिता : मी काय करणार? परवा आबांना दवाखान्यात नेलं, आणलं, हितं लावली.

शिवराज : परवा चालू झाली होती?

अंकिता : पहिल्याच चावीला.

शिवराज : आणि आज मी बसलो तर नाही.

अंकिता : ते गाडीला विचार. मला कशाला विचारतोस?

शिवराज : काटा अर्ध्यावर आहे. पेट्रोल आहे ना खरोखर, का काटाच अडकलाय?

अंकिता : पेट्रोल हाय. मी भरलंय.

शिवराज : मग क्लच दाबून दाबून वाट लावली असशील. बायकांच्या हातात गाडी दिली की हे असं होतं.

अंकिता : क्लचनं सेल्फ फिरूनबी गाडी बंद ऱ्हाती व्हय? पुण्यात असलं शिकवतात का?

शिवराज : हे बघ, मला अंधार पडायच्या आत पुण्यात पोचायचंय. ऑफिस पार गावाबाहेर हलवलंय, दोन बस बदलून जातोय मी. इथं गाडी नुसती उभी असते.

अंकिता : उभी असती? आठवड्यातनं तीनदा आबांना दवाखान्यात व्यायामाला नेती मी. आज मंगळवार हाय. आजबी न्यायचंय.

शिवराज : रिक्षा आहे की. दारात येते.

अंकिता : एकदा तू बसव त्यांना रिक्षात. अर्धं अंग लुळं पडलंय, पाय उचलत न्हाय. मागच्या महिन्यात गाडी गॅरेजला दिलेली, तवा रिक्षातनं नेलं. उतरताना दोघंबी रस्त्यावर पडलो. तुला फोन केला त्या दिवशी.

शिवराज : मीटिंगमध्ये होतो.

अंकिता : असशील की. आणि गाडी नेतोय म्हणून कळवलंस कधी? काल. विचारलं न्हाईस, कळवलंस.

शिवराज : गाडी आबांच्या नावावर आहे, तुझ्या नाही. आणि मी त्यांचा मुलगा आहे.

अंकिता : मी कोण हाय मग?

शिवराज : विषय बदलू नको. मिस्त्रीला फोन लावलाय मी, येईल आता.

अंकिता : कुठल्या मिस्त्रीला?

शिवराज : मल्लिकार्जुनला. दुसरा कोण आहे? तोंड का उतरलं तुझं?

अंकिता : काय न्हाय. येऊ दे.

मल्लिकार्जुन : आलोच बघा. काय झालं अक्का, परवा तर... अरे, शिवराजभाऊ, तुमी बसलाय व्हय आत?

शिवराज : का, मी बसू नये? सेल्फ घेते, चालू होत नाही. बघ.

मल्लिकार्जुन : व्हय, व्हय, बघतो. फोनवर म्हणला न्हाईत, तुमीच चालवणार हाय ते.

शिवराज : त्यानं काय फरक पडतो?

मल्लिकार्जुन : काय न्हाय. प्लग काढतो जरा. हां, ठिणगी हाय. हवेचा फिल्टरबी साफ हाय. नुसती चावी फिरवा, सेल्फ नको. मागं कान द्या. सीटखाली गुंई करून आवाज यायला पाहिजे.

शिवराज : नाही येत.

मल्लिकार्जुन : न्हाय येत.

शिवराज : मग पेट्रोलचा पंप गेला. सरळ सांग की. आणि हा पंप गेल्या वर्षी तूच बदललास ना?

मल्लिकार्जुन : व्हय, मीच.

शिवराज : डुप्लिकेट टाकलास. घरात म्हातारा आजारी, बाईमाणूस एकटं, कोण बघतंय?

मल्लिकार्जुन : शिवराजभाऊ, नीट बोला.

शिवराज : काय नीट बोलायचं? वर्षभरात पंप गेला म्हणजे काय समजायचं माणसानं? माझ्या बापाला फसवलंस तू.

मल्लिकार्जुन : मी गॅरेज टाकलं तवा कुणी सायकल लावंना माझ्याकडं. पहिली गाडी आबांनी आणली. त्यांना फसवीन मी? सरका बाजूला. हा बल्ब बघा. पंपाच्या वायरीला लावतो. चावी फिरवा. पेटला का?

शिवराज : नाही.

मल्लिकार्जुन : आता बॅटरीवरनं सरळ वायर देतो पंपाला. ऐका.

शिवराज : चालतोय.

मल्लिकार्जुन : चालतोय ना? पंप शाबूत हाय. त्याला करंट येत न्हाय, एवढंच. फ्यूज बघितला, तोबी चांगला.

शिवराज : मग करंट अडलाय कुठं?

मल्लिकार्जुन : वायर गुंडाळतो आधी.

शिवराज : तुला विचारतोय.

मल्लिकार्जुन : अक्का, तुमी सांगताय का मी सांगू? फुकटचा चोर ठरलोय मी हितं.

अंकिता : सांग तू. माझ्या तोंडून निघालं तर फार निघंल.

मल्लिकार्जुन : चोर-स्विच बसवलाय गाडीला. तो बंद असला की सेल्फ मारा दिवसभर, इंजिन फिरतंय, पेट्रोल येत न्हाय.

शिवराज : कोणी बसवला?

मल्लिकार्जुन : मी. आबांनी सांगितलं म्हणून.

शिवराज : अक्का, तुला माहीत होतं? तासभर मी बॉनेटमध्ये डोकं घालून बसलोय आणि तू पायरीवर उभी राहून मजा बघतेस?

अंकिता : मजा न्हाय आली. राग आला. अजून येतोय.

शिवराज : कुठं आहे तो स्विच?

अंकिता : शोध.

शिवराज : सीटखाली नाही. मॅटखाली नाही. ह्या ड्रॉवरमध्ये... नाही. पोरखेळ लावलाय. चोराची एवढी भीती होती तर आबांनी मला का नाही सांगितलं?

अंकिता : तुला अजून कळंना व्हय?

शिवराज : काय कळायचंय?

अंकिता : दगडाबाई आत्या गेली तवा गाडी कुठं होती?

शिवराज : ते कशाला आता?

अंकिता : गोव्यात होती. न विचारता, रातच्याला ढकलत गल्लीबाहेर काढलीस, आवाज नको म्हणून. फोन बंद. आबा यष्टीत उभ्यानं गेले. सख्ख्या बहिणीचं तोंड बघायला मिळालं न्हाय त्यांना. पोचले तवा माणसं स्मशानातनं परत यायला लागली होती.

शिवराज : मला काय माहीत आत्या जाणार म्हणून?

अंकिता : तेच म्हणालास त्या वेळीबी. माफी मागितली न्हाईस. उलट म्हणालास, गाडी काय मढी न्यायला घेतलीय का.

मल्लिकार्जुन : तेराव्यानंतर आले आबा गॅरेजला. म्हणले, अशी कळ बसव, की घरच्याला सापडू नये. चोर-स्विच हे आमच्या लाईनीतलं नाव हाय. आबांनी चोर शब्द काढला न्हाय तोंडातनं.

शिवराज : म्हणजे माझ्यासाठी.

मल्लिकार्जुन : जागाबी त्यांनीच दाखवली. पुढं डॅशबोर्डवर खंडोबा चिकटवलाय बघा, त्याच्या पाटाखाली. पाया पडल्यागत बोट न्यायचं, लागतंय.

शिवराज : आबा कधी देवळाची पायरी चढले नाहीत. आणि गाडीत बसले की हात लावायचे त्याला.

अंकिता : सगळी गल्ली म्हणायची, म्हातारा देवभोळा झाला. पाडव्याला मी हात लावला तर तू मला हसलास, नैवेद्य दाखव म्हणालास गाडीला.

शिवराज : इथंच का पण?

अंकिता : आबा म्हणाले, हितं शिवराजचा हात कधी जायचा न्हाय. आता कळली जागा. दाब, आणि जा घेऊन. गाडी आबांच्या नावावर हाय, तू त्यांचा मुलगा हाईस. मी पायरीवरनं हलणार न्हाय.

मल्लिकार्जुन : मी निघतो अक्का. भाऊ, जाताना बॉनेट नीट दाबा. खटका ढिला हाय.

शिवराज : थांब. आवाज आला मागं. गुंई.

मल्लिकार्जुन : दाबला तुमी. मारा आता सेल्फ.

शिवराज : झाली.

अंकिता : झाली की. जा.

शिवराज : अक्का, आबा कुटं हायत?

अंकिता : आत, दारामागं खुर्चीवर. तू पहिल्यांदा सेल्फ मारलास ना, तवाच आवाज ऐकून चप्पल घालून बसलेत. एका हातानं घातली. त्यांना वाटलं, दवाखान्याला निघालो.

शिवराज : त्यांना सांगितलं न्हाईस, मी गाडी न्यायला आलोय ते?

अंकिता : ते तू सांग. मला सांगवंना.

शिवराज : बंद केली. ही घे.

अंकिता : चावी मला कशाला?

शिवराज : चालव तू. आणतो मी त्यांना.

अंकिता : डाव्या हाताला धरू नको, खांदा दुखतो. आणि मागं बस तू. पुढं ते बसतात.