एका शब्दाचं आभारप्रदर्शन

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, ग्रंथालयाच्या कार्यवाह ताई, व्यासपीठावरील पाहुणे, जिला निरोप द्यायला जीभ वळत नाही ती आमची लाडकी गुरुमाउली, म्हणजे आमच्या बाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेआधीच पटकावून बसलेले माझे वर्गमित्र हो,

मी मोटर दुरुस्त करणारा माणूस. पंपाच्या, पंख्याच्या, चक्कीच्या. शाळा अर्ध्यात सुटली, पण कानांनी साथ सोडली नाही. मोटर फिरली की आत काय कुरकुरतंय ते मला बाहेरून कळतं. (अध्यक्षमहाराज, तुमच्या डोक्यावरच्या पंख्याचंही कळलंय. उद्या येऊन बघतो, आज बिनघोर बसा.) असा माणूस भाषाविज्ञानाच्या वर्गात काय करत होता, असं तुम्हाला वाटेल. रास्त आहे. मलाही वाटायचं.

त्याचं असं झालं. आमच्या हिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, हातपाय हळूहळू हलू लागले, पण शब्द गेले. एकच उरला : किल्ली. मी कारखान्याला निघालो की ती दारातून रोज विचारायची, ‘अहो, किल्ली घेतली का?’ त्यातला तेवढाच राहिला.

मग आम्ही शहाण्यांनी काय केलं? तिने ‘किल्ली’ म्हटलं की किल्ली आणून दिली! कपाटाची दिली, ती रागावली. गाडीची दिली, आणखी रागावली. थोरल्याने तर दाराचं कुलूपच बदललं आणि मोठ्या कौतुकाने नवी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. ती तिने भिरकावली, ती थेट माझ्या चहात.

हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. पण पुढे घर तिला काही विचारेनासं झालं. तिच्याचसमोर ‘आईला आता जेवायला द्यायचं का?’ असं एकमेकांना विचारू लागलं. एके दिवशी तिने आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. बंद पडलेल्या मोटरची मला कधी भीती वाटली नाही. त्या पाठमोऱ्या खुर्चीची वाटली.

त्याच आठवड्यात इथल्या ग्रंथालयाच्या फळ्यावर वाचलं : ‘भाषेची तोंडओळख, जिज्ञासूंसाठी.’ म्हटलं, बघू या, इथे दुरुस्ती होते का. पहिल्याच दिवशी मी हात वर केला. “बाई, शुद्ध कसं बोलायचं ते शिकवणार ना?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “लोक कसं बोलतात ते ऐकायला शिकणार. चुका काढायला जग बसलंय, आपण कशाला गर्दी करायची?”

मग त्यांनी आम्हाला गळ्यावर हात ठेवायला लावले. सापासारखं ‘स्स्स’ करा : गळा गप्प. भुंग्यासारखं ‘झ्झ्झ’ करा : गळा थरथरतो. मी ओरडलो, “बाई, मोटर चालू!” आमचे शिंपीकाका म्हणाले, “याला घरी पाठवा, हा आता सगळ्यांचे गळे उघडून बघेल.”

पण माझं काम झालं ते पुढच्या एका खेळात. बाईंची रीतच तशी. तोंड घट्ट मिटायचं, मनात एक वाक्य धरायचं आणि नुसतं ‘हं हं हं’ करून म्हणायचं. बाकीच्यांनी ओळखायचं : विचारतोय, रागावतोय की मनधरणी करतोय? शिंपीकाका हुंकारले आणि अख्खा वर्ग म्हणाला, “गिऱ्हाईकाला उद्या या म्हणतायत!” शब्द एकही नाही, बोलणं मात्र पुरं. बाई म्हणाल्या, शब्दांच्या खालून सूर वाहत असतो. कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे थांबतो. तान्हं मूल शब्दांच्या आधी तोच उचलतं.

मी घाईघाईने बाईंना घरची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, “औषधपाणी डॉक्टरांचं, त्यातलं मला कळत नाही. पण तिला बोलता येत नाही असं म्हणू नका. शब्द अडलेत. बोलणं चालू असेल. ऐका तरी.”

घरी गेलो. भिंतीकडून आवाज आला, “किल्ली?” मी किल्ली शोधली नाही. डोळे मिटले आणि मोटर ऐकतो तसं ऐकलं. सूर शेवटी वर गेला होता, जरा काळजीत थरथरला होता. धाकटी यायला उशीर झाला की तिचा हाच सूर असायचा. मी म्हटलं, “अगं, आली धाकटी. खाली सायकल लावतेय.”

खुर्ची वळली. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “किल्ली.” हा सूर खाली उतरला, निवांत. मग धाकटी आत आली, आणि तिला जी किल्ली ऐकावी लागली ना, ती उशिरा येणाऱ्या सगळ्या मुलींनी ऐकलेली आहे! धाकटी रडत-हसत म्हणाली, “बाबा, आई मला रागावतेय!”

बाई, आमच्या घरात पुन्हा भांडणं होतात. यापेक्षा मोठं काय सांगू? नवा शब्द अजून आलेला नाही. येईल न येईल. पण खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळलेली नाही. तुम्ही लेकीकडे निघालात, जा, सुखाने राहा. तिथले शेजारी काय बोलतात ते ऐकून आम्हाला कळवा.

माझं काही अधिकउणं झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. सर्वांचा मी ऋणी आहे. पण आजचे आभार मानण्याचा मान माझा नाही. पहिल्या रांगेतली ही कालपासून आरशासमोर तयारी करतेय, मला ऐकूही देत नाही. भाषण एकाच शब्दाचं आहे. तो कोणता, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती बाईंना काय म्हणते, ते मात्र ऐकावं लागेल.

ये गं. सावकाश. माइक मी धरतो.