जत्रा माहीत नसलेला उमेदवार

टाकवे बुद्रुकजवळच्या एका कारखान्यात मुलाखतीसाठी थांबलेला आदिनाथ आणि त्याचे मारुतीमामा माझ्याच बाकावर बसले होते. मामा तयारी करून घेत होते.

“गावची जत्रा कवा असती?”

“चैत्र पुनवेला.”

“गेली नोकरी! हितल्या पोरांना साहेब ह्योच सवाल टाकत्यात. जत्रंला सगळी दांडी मारत्यात, मशिनी बंद पडत्यात त्यांच्या. माहीत न्हाई म्हनायचं.”

“बरं.”

“बैलगाडा शर्यतीची आवड हाय का?”

“मामा, गेल्या साली आपलाच गाडा पयला आला की!”

“आरं येड्या, गाडा म्हंजी काय, असं तोंड कर.”

आदिनाथने तसं तोंड केलं. तेवढ्यात आतून बोलावणं आलं. परतला तो हसतच.

“घेतलं, मामा! साहेब लय खूश झाले.”

“मग! शिकवलंय कुनी?”

“म्हनले, असाच पोरगा पायजे व्हता. आता दर जत्रंला ड्युटी माझीच. मी व्हय म्हनलो.”

“आन् शर्यतीला आपला गाडा कोन जुपनार? बैलं तुझ्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाईत!”

“गाडा म्हंजी काय, मामा?”