हवा ओढलेल्या सागाचं दार

हो हो, शामकडूनच आले तुम्ही — 'लाकूड वाळवाचं चार महिन्याचं काम चार दिवसात' म्हनला असंन! सख्खा लहाना भाऊ हाय माहा, मी नाही ओळखत का त्याले? बसा त्या ओंडक्यावर. तं लोखंडाची टाकी आनली त्यानं — लाकूड अंदर, झाकन बंद, पंपानं हवा ओढली का कमी गरमीतच पानी निंगून जाते म्हने. सागवान हाय का दवाखान्यातला पेशंट? आन मावते किती तिच्यात — इतकुसं! लाइट गेली का साहेब हातावर हात धरून बसते. आमचं पाहा — फळीवर फळी, मधात पट्ट्या, वरून टिन, बाकी वाऱ्याचं काम. चिरा? जातात काही फळ्या, खोटं कायले बोलू — पन घाई त नाही ना!

माही पोरगी बबिता, मारेगावले देली. तिनं घर बांधलं. बापाची लाकूड चिराची आरामशीन, आन पोट्टीनं मोठं दार कोनाकडून घ्यावं? काकाकडून! मले म्हने, "बाबा, तुमचं लाकूड वाळेपर्यंत मी म्हातारी होईन." वास्तूच्या जेवनात चारचौघात म्हनलं मी, "एक पावसाळा जाऊ द्या — हे दार ढकलाले बैल लागतीन!" लोकं हासले. शाम नाही हासला, खाली मान घालून वाढत राह्यला.

मंग पावसाळाभर जातच राह्यलो ना मी मारेगावले — कधी भाजी घेऊन, कधी असाच. दार लावून पाहो, उघडून पाहो, बोटानं फट चाचपो. नाही फुगलं, राजेहो. नखाएवढं नाही फुगलं! बबिता म्हनते, "बाबा, मले भेटाले येता का दाराले?" मांगच्या खेपेले गेलतो तं अंदर शाम जेवून राह्यला होता. ताटावरून उठला — "दादा, या, बसा." मी उंबरठ्यावरूनच म्हनलं, "नाही, गाडी चालू हाय बाहेर." गाडी कायची चालू! एसटीनं गेलतो मी. तसाच पानी न पेता स्टँडवर येऊन बसलो. पोट्टी मांगून हाका मारत होती —

हासता कायले? तुम्ही इचारलं काय होतं — कोनतं चांगलं? चौकट जाड हाय का तुमची? जाड हाय, वाऱ्यानं वाळाले लय दिवस लागन, आन घाई बी हाय — मंग जा ना त्याच्याचकडं! अन् मी पाठवलं म्हनून सांगाल तं पाहा. उठा आता, निंगा — मले आरा चालू कराचा हाय.