घाणा निघेपर्यंत

हॅलो?… हॅलो! हो, शिरपूर. वाशीमचा अर्जंट कॉल मीच लावला होता… हो ताई, द्या, लवकर द्या.

हॅलो, अक्का? मी सुगंधा!… बबनकाकांच्या अडत दुकानातून. ऐकू येतंय का?… ओरडत नाहीये गं, बाहेर गलकाच तेवढा आहे. ते जाऊ दे, सही झाली का?

अगं परवान्यावर! सकाळपासून तू त्याच हापीसात बसली आहेस ना? मग?

जेवायला गेले? साहेब आत्ता जेवायला गेले?… अक्का, तू तिथून उठू नकोस. बाबूंनी फोन दिलाय ना? त्यांना म्हणावं, उपकार होतील, आणखी थोडा वेळ राहू द्या.

काहून म्हणजे? मायची भज्यांची गाडी धरली पोलिसांनी!

नाही, नाही, नेली नाही अजून. समोरच आहे, मला इथून दिसते. नेली असती तर फोन कशाला केला असता? अगं ऐक ना. सकाळी ट्रक आला. मोटार स्टँडवरचे बिनपरवान्याचे सगळे उचला, असा हुकूम. लोक म्हणतात आणीबाणी आहे, आता कोणाचं चालत नाही. चंपाबाईची चिवड्याची पाटी गेली. हरिसिंगची शेगडी गेली, चहा उकळत होता तो रस्त्यावर ओतला आणि केटली ट्रकात. मी शाळेत हजेरी घेत होते, चंपाबाईनं खिडकीतून हाक मारली, "मास्तरीनबाई, तुह्या मायले धरलं वो!" तशीच निघाले. खडू अजून हातात आहे.

नवीन जमादार आहे, मोहनसिंग म्हणून. वाईट नाही गं माणूस, पण हुकमाचा आहे. मायनं त्याला बाबांचा परवाना दाखवला. तो वाचून म्हणाला, "ग्यानबा अंभोरे कोन? बोलवा त्याले."

… हो, बाबांनाच बोलवा म्हणाला.

चंपाबाईच बोलली शेवटी. म्हणाली, "दिवाळीच्या आंधीच गेला वो साहेब तो मानूस." … माय? तिनं घाणा टाकला. पंधराएक भजी सोडली कढईत आणि झारा धरून उभी राहिली.

नाही, तू ऐक तरी. जमादार म्हणाला, मेलेल्या माणसाचा परवाना चालत नाही, कढई उतरवा. एक शिपाई पुढे झाला, कापडानं कान धरले कढईचे, तर तेल हिंदकळलं आणि हा मागे उडाला, थेट बबनकाकांच्या तुरीच्या पोत्यांवर! लोक हसले. जमादारालाही कळलं, उकळती कढई काही ट्रकात चढत नाही. पाणी टाका म्हणाला, तर सगळे ओरडले, तेलात पाणी टाकता का, स्टँड पेटवता का! मग तो म्हणाला, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बरं बाई, एवढा घाना निघू द्या. मंग उचलतो."

माय म्हणाली, "बरं साहेब."

आणि अक्का, तो घाणा अजून निघालाच नाही!

अगं निघालाच नाही म्हणजे निघाला नाही! ती दहा काढते, दोन-चार ठेवते, आणि वरून नवीन सोडते. कढई रिकामीच होत नाही. जमादार म्हणाला, "हे काय लावलं बाई?" तर माय म्हणते, "तुमीच म्हनले ना साहेब, घाना निघू द्या. तो निघूनच राह्यला."

… हस, हस. मीही हसले. पण ट्रक ठाण्यात पहिला माल उतरवायला गेलाय. तो परत आला की जमादार किती वेळ ऐकणार? त्याआधी सही पाहिजे. गाडी एकदा ठाण्यात गेली की आठवड्यानं चाकंच परत येतात, तुला माहीत आहे. आणि जागा तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी धरतं. मी तिला किती वेळा म्हटलं, माझ्याकडे राहा. तिचं एकच, "मी कोनाच्या चुलीवर बसनार नाई." तिला फक्त ती जागा पाहिजे. बाकी काही नाही मागत ती.

साहेबांचं घर कुठे आहे?… हापीसाच्या मागेच? मग जा ना अक्का! जेवणावरून उठवू नको, दारात उभी राहा नुसती. त्यांना दिसलीस की पुरे. कागद घेऊन जा, पेन घेऊन जा… हो, मी धरते. जा.

… हॅलो? कोण, बाबूसाहेब का? नमस्कार. नाही, ठेवू नका हो, ती आत्ता येईल… हो, धाकटी बहीण मी. शिरपूरहून… हो, तुम्ही ऐकलंत तेच. अजून चालूच आहे ते… आत्ता? आत्ता मिरचीचे टाकले तिनं. कांदा संपला.

काय म्हणालात?… हो, बरोबर आहे तुमचं, अर्ज तेव्हाच करायला पाहिजे होता. मी तिला सांगितलं होतं. पण अर्जात बाबांच्या नावापुढे मयत लिहावं लागतं ना. ती म्हणाली, थांब, पाहू. मग परत म्हणाली, पाहू. रोज सकाळी तोच परवाना पुसून गाडीच्या खांबाला अडकवायची, आणि तळायला लागायची. आम्हीही… असो. आता दिलाय अर्ज. मागच्या सोमवारी अंगठा दिला तिनं. दाखला जोडलाय. तुम्ही पाहिलाच असेल.

हो, लोक खाताहेत ना, म्हणून तर चाललंय! पुसदची गाडी लागली होती, ती सगळी रिकामी झाली, ड्रायव्हरसकट. ड्रायव्हर म्हणतो, प्लेट संपल्याशिवाय गाडी हलत नाही. जैन देवळात आलेली माणसं कांदा खात नाहीत, ती तशीच उभी आहेत, नुसती जमादाराकडे बघत. म्हणतात, "जबान देली तुमी साहेब, आता पाळा."… हो, गावातलेही आलेत. आणि बाबूसाहेब, एक सांगू? यांच्यातले काही लोक असे आहेत, बाबांनी पहिल्या साली गाडी लावली तेव्हा आमच्या हातचं पाणीही घेत नव्हते. ते तिसरी प्लेट मागताहेत आता… नाही, मी काही म्हणत नाही. मागू दे.

ताई, तीन मिनिटं झाली का? वाढवा, वाढवा! तोडू नका हो मधे!

हॅलो? आहात ना बाबूसाहेब? थांबा हं… माय! ओ माय! काय म्हणते?… बेसन संपलं! बबनकाका, बेसन संपलं म्हणे!… देताय? खरंच? तो बघा, काकांचा हमाल पायलीभर बेसन डोक्यावर घेऊन धावतोय. भाजीवाल्या बायकांनी वांगी आणून दिली. वांग्याचे काप, मेथी, जे हाती येईल ते पिठात बुडवून सोडतेय ती… नाही हो, थांबली नाही ती. घामानं नुसती निथळतेय. जमादार बाजूला स्टुलावर बसलाय, टोपी मांडीवर ठेवून. दर घाण्याला उठतो, कढईत बघतो, पुन्हा बसतो.

… नाही, त्यांना नाही दिले. मायनं विचारलं, "घेता का साहेब?" तर म्हणाले, "ड्यूटीवर हाओ." पण नजर हटत नाहीये त्यांची.

अक्का आली का?… कोण आलं? साहेब? साहेब स्वतः आले? मग सही… कुठला रकाना?… हो, हो, तो दाखला खालीच टाचलाय, दुसऱ्या पानाला. बघा ना नीट. बाबूसाहेब, तुम्हीच दाखवा हो त्यांना, तुम्हाला माहीत आहे…

अरे देवा.

ट्रक आला.

ट्रक आला हो! देवळाकडून वळला. हॉर्न ऐकू आला का तुम्हाला?… शिपाई उतरले, चौघं आहेत. एकाच्या हातात वाळूची बादली आहे. वाळू टाकणार चुलीत! पेटत्या पऱ्हाट्या ओढून राह्यले चुलीतून, एक, दोन… लोक पुन्हा खुपसून राह्यले दुसऱ्या बाजूनं! चंपाबाई बादली धरून बसली, दोन्ही हातांनी, सोडतच नाही. "माह्यी पाटी नेली, हिची कढई नाई नेऊ देत!" अगं बाई… जमादार उठला. टोपी घातली त्यानं. बाबूसाहेब, झाली का हो? काहीतरी बोला!

हॅलो?… अक्का? अक्का, तूच का? बोल लवकर!

झाली?

सही झाली?… शिक्का? आत्ता मारताहेत? थांब, मलाही आवाज आला त्या शिक्क्याचा! आला, आला!… जमादारसाहेब! ओ जमादारसाहेब! परवाना झाला! वाशीमहून! फोनवर!… अक्का, तो म्हणतो कागद दाखवा. कागद कसा दाखवू मी? कागद संध्याकाळच्या गाडीनं येईल ना! अक्का, साहेब आहेत अजून तिथे? त्यांना दे फोन. दे ना, काही होत नाही, दे!

नमस्कार साहेब. मी शिरपूरहून… हो, तिचीच मुलगी. साहेब, इथे जमादार उभे आहेत, त्यांना कागद पाहिजे… एक मिनिट. जमादारसाहेब, वाशीमचे साहेब आहेत लाइनीवर! स्वतः! या ना इकडे!… येताहेत साहेब. आले. पायरीवर आले. साहेब, ते तिथूनच सलाम ठोकून राह्यले तुम्हाला! फोनला! … हो, त्यांना म्हणते. जमादारसाहेब, साहेबांचा तुम्हाला नमस्कार… दुसरा सलाम केला, साहेब.

ते म्हणतात, नाव काय पडलं परवान्यावर ते सांगा, म्हणजे मी लिहून घेतो… वाचता ना? मी तुमच्यामागून मोठ्यानं म्हणते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हं.

"भागिरथाबाई…" भागिरथाबाई! "…ग्यानबा अंभोरे." भागिरथाबाई ग्यानबा अंभोरे! "मोटार स्टँड, शिरपूर." मोटार स्टँड, शिरपूर! … "भजे व चहा." आणि चहासुद्धा? बरं, बरं साहेब. फार उपकार झाले… नाही, नाही, तुमचं जेवण राहिलं. हो. अक्काला द्या.

माय! ओ माय, तुह्या नावानं झाला! तुह्या स्वतःच्या नावानं! आता कोनी नाई उचलत!

अक्का, काय ओरडून राह्यले बघ सगळे! तुला ऐकू येतंय का? पुसदच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हातच ठेवलाय. शिपायानं ती वाळू रस्त्यातच ओतली, हसतोय तोही. हरिसिंग जमादाराच्या मागे लागलाय, माझी केटली, माझी केटली म्हणून. जमादार म्हणतो, उद्या अर्ज आन, परवाना आन, मग केटली ने. चंपाबाई म्हणते, मले बी लिहून दे मास्तरीनबाई. देते ना. सगळ्यांचे लिहून देते आज…

माय? माय तिथेच आहे. ती काही… थांब.

अक्का, ती खाली बसली.

नाही, पडली नाही. बसली. गाडीच्या चाकाला टेकून, जमिनीवरच. पदर तोंडात धरलाय. झारा तसाच कढईत उभा आहे… हो. रडतेय. हो अक्का, माय रडतेय. बाबांना नेलं तेव्हा नाही, पुण्यानुमोदनाला एवढे लोक आले तेव्हा नाही. चंपाबाई जवळ बसली तिच्या… गाडीवाल्यानंही हॉर्न सोडला.

मी जाते गं, आत्ता जाते. पण अक्का, घाणा करपून राह्यला. धूर यायला लागला कढईतून, तिला दिसतच नाहीये…

अगं, जमादार!

जमादारानं झारा घेतला. बाह्या वर केल्या आणि झारा घेतला त्यानं! काढून राह्यला… परातीत काढून राह्यला एकेक. काळे झालेत थोडे. निथळतो पण आहे नीट. सगळे काढले. तो बघ, खालचा एक राहिला होता, तोही काढला.

कढई रिकामी झाली, अक्का.

हो, पूर्ण रिकामी. नुसतं तेल.

नाही गं. कोणी नाही हात लावत. त्यानं शिपायाला हातानंच सांगितलं, ट्रकात बसा म्हणून. झारा पुसून गाडीवर आडवा ठेवला आणि…

हो ताई, झालं, आमचं बोलून झालं. अक्का, ठेवते. संध्याकाळच्या गाडीनं तूच घेऊन ये परवाना, ड्रायव्हरच्या हाती देऊ नकोस. तू स्वतः ये. माय विचारेल… हो. ठेवते गं. मायजवळ जाते.